मळक्या फडक्यांची बालदी आधी, फडकी नंतर: घरातला वापरून टाकायचा कागद कसा कमी करावा

किचन रोल, टिश्यू, कागदी नॅपकिन, ओले वाइप्स, कागदी पेले. एकदाच वापरून टाकायचा हा कागद कमी करायचा असं ठरवलं, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं? खरेदी. कोऱ्या सुती फडक्यांची चळत आली, बांबूच्या रोलचा गठ्ठा आला, मेण लावलेली कापडं आली. तीन आठवड्यांनी फडक्यांना कुबट वास येत होता, निम्मी सिंकच्या कडेला बोळा होऊन पडली होती आणि घरच्यांनी गुपचूप पुन्हा कागदाचा रोल आणून ठेवला होता.

चूक फडक्यांची नव्हती. कागदाची खरी सोय पुसताना नसते, पुसून झाल्यावर असते. चुरगाळला, टाकला, विषय संपला. कापडाचा विषय नेमका तिथे सुरू होतो: हे ओलं, मळकं फडकं आता ठेवायचं कुठे? याचं उत्तर घरात आधीच तयार असेल तर बाकीचं जमून जातं. नसेल तर कितीही चांगली वस्तू आणा, महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये बालदी आधी आहे आणि फडकी नंतर.

काय काय लागेल

- हवा खेळेल अशी एक बालदी किंवा भोकांची टोपली (घट्ट झाकणाची नको)
- वाळत घालायला दोरी किंवा स्टँड, आणि चिमटे
- जुन्या सुती चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, टी-शर्ट
- धारदार कात्री आणि सुईदोरा. शिवणयंत्र असेल तर काम लवकर उरकतं
- खुणेसाठी दोन-तीन रंगांचा दोरा
- वही आणि पेन्सिल

यातलं जवळजवळ सगळं घरातच सापडतं. सुरुवातीलाच दुकानात जावं लागत असेल तर थोडं थांबा.

## १. आधी एक आठवडा फक्त मोजा

काहीही बदलू नका. रोलशेजारी कागद-पेन्सिल टांगून ठेवा आणि प्रत्येक तुकडा कशासाठी घेतला ते एका शब्दात लिहा: हात, पाणी, तेल, नाक, काच, कीटक, काहीही. घरातल्या सगळ्यांना सांगा, पण उपदेश करू नका. उपदेश सुरू झाला की लोक लिहिणं सोडतात, आणि मग मोजणीला अर्थ राहत नाही.

माझ्या यादीत मला वाटलं होतं की तेल आणि चिकट डाग जास्त असतील. निघाले ते ओले हात आणि ओट्यावर सांडलेलं साधं पाणी. म्हणजे बहुतेक कागद अशा कामात जात होता, जे हुकाला अडकवलेला एक टॉवेलही करू शकला असता. दोन टॉवेल लावले, एक सिंकशी आणि एक दाराशी, आणि रोल संपायला लागणारे दिवस लगेच वाढले. अजून एकही ‘पर्याय’ आणला नव्हता.

यादी झाली की तिचे तीन भाग पाडा. पहिला, जिथे काहीच नको होतं, नुसती सवय होती. दुसरा, जिथे कापड चालेल. तिसरा, जिथे कागदच बरा. तिसरा भाग रिकामा ठेवायचा हट्ट धरू नका. घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील, पाळीव प्राण्याने घाण केली असेल, कच्च्या मांसाचं पाणी सांडलं असेल, तर कागद वापरून टाकून देणं हा शहाणपणाच आहे.

## २. टिश्यू पुन्हा कागद होत नाही, हे समजून घ्या

‘कागदच आहे, रिसायकल होईल’ असं म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. वर्तमानपत्र किंवा खोक्याचा कागद साधारण ५ ते ७ वेळा पुन्हा वापरता येतो. दर फेरीत त्यातले तंतू तुटून आखूड होतात. टिश्यू आणि नॅपकिनमध्ये तंतू बहुधा आधीच आखूड असतात, वर अन्न, तेल नाहीतर शेंबूड लागलेला असतो. त्यामुळे तो रद्दीत घेतला जात नाही. तंतूंच्या प्रवासातला हा शेवटचा थांबा. या थांब्यावर नव्या झाडाचा तंतू थेट पाठवायचा, की आधी वही आणि मग खोकं होऊन आलेला, एवढाच प्रश्न उरतो. पायरी ८ मध्ये लेबलं वाचताना हे लक्षात ठेवा.

किचन रोलमध्ये आणखी एक गोष्ट असते. ओला झाला तरी फाटू नये म्हणून त्यात ओलेपणी ताकद देणारं रेझिन घातलेलं असतं. टॉयलेट पेपरमध्ये ते नसतं, कारण तो पाण्यात सुटायलाच हवा. म्हणून टॉयलेट पेपर संपला की किचन रोल घेऊन तो फ्लश करण्याचा उद्योग अजिबात करू नये.

आणि हा कागद कचराभूमीत गाडला गेला तर? हवा नसलेल्या ढिगात तो कुजतो आणि मिथेन सोडतो. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता अडवतो. ‘कागद तर कुजतोच’ हे खरं, पण तो कुठे कुजतो याने फरक पडतो.

## ३. बालदीची जागा ठरवा

आता मुख्य काम. मळक्या फडक्यांची बालदी ओट्यापासून हाताच्या अंतरावर हवी. न्हाणीघरात, बाल्कनीत किंवा वॉशिंग मशिनच्या मागे ठेवली तर फडकी तिथवर पोचत नाहीत, वाटेतच बोळा होऊन पडतात. माझी पहिली बालदी आठ पावलांवर होती आणि ती कायम रिकामी असायची. आता ती कचऱ्याच्या डब्याला चिकटून असते. हाताला कचरा टाकायची सवय आहेच, तीच सवय वीतभर बाजूला सरकवायची.

बालदीचे नियम थोडेच आहेत:

- ओलं फडकं पिळून बालदीच्या कडेवर पसरायचं. वाळलं की आत टाकायचं. ओला बोळा थेट आत गेला की दुसऱ्या दिवशी वास सुटतो.
- खरकटं झटकून मगच टाकायचं.
- बालदीत पाणी भरून फडकी भिजत ठेवायची नाहीत. दोन दिवस साचलेलं पाणी जंतूंना फार मानवतं.
- तीन-चार दिवसांच्या पुढे साठवायचं नाही.

वास हा या सगळ्या खटाटोपाचा खरा शत्रू आहे. घरातल्या एकाला जरी ‘फडक्यांना वास येतो’ असं वाटलं, तर पर्यावरणाबद्दल तुम्ही काहीही बोललात तरी उपयोग होत नाही.

## ४. फडकी कापा, विकत आणू नका

एक किलो कापूस पिकवून कापड होईपर्यंत जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. म्हणजे कपाटात धडधाकट जुनी चादर असताना नवी कोरी ‘पर्यावरणपूरक’ फडकी आणणं हा उलटा धंदा आहे. चादरीचं पाणी केव्हाच खर्च झालेलं आहे. तिच्याकडून आणखी काही वर्षं काम करून घेणं हेच बरं.

कुठलं कापड कशाला: बऱ्याचदा धुतलेली सुती चादर आणि अभ्रे सगळ्यात चांगले, पाणी चटकन टिपतात आणि लवकर वाळतात. टी-शर्टचं होजिअरी कापड मऊ असतं. त्याच्या दशा निघत नाहीत, त्यामुळे शिवावंही लागत नाही. नाक, चेहरा, चष्मा आणि काचेसाठी ते घ्या. टॉवेलचं कापड जास्त पाणी पितं पण वाळायला वेळ लावतं, म्हणून त्याची मोजकीच फडकी करा. लेबलवर पॉलिएस्टर जास्त असेल तर ते कापड बाजूला ठेवा. ते पाणी टिपत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं.

मायक्रोफायबर काचेला झकास लागतं, हे खरं. पण ते पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचं असतं आणि दर धुण्याला त्यातून प्लॅस्टिकचे बारीक धागे सांडपाण्यात जातात. असलेलं वापरा, नवं आणू नका, असं माझं मत.

माप: हाताएवढा चौकोन, साधारण २५ ते ३० सेंटिमीटरचा. मोठं कापलं तर एका थेंबासाठी अख्खं फडकं धुवायला जातं. कडा दुमडून शिवा किंवा पिको करून घ्या. नाहीतर दशा निघून मशिनच्या जाळीत गुंता होतो. हे मी ‘नंतर बघू’ म्हणून टाळलं होतं. पहिल्याच धुण्यात सगळ्या फडक्यांची एक लांबलचक वेणी झाली.

किती हवीत: दिवसाला लागणारी फडकी गुणिले दोन धुण्यांमधले दिवस, अधिक वाळेपर्यंत लागणारा एका दिवसाचा साठा. दिवसाला ८ लागत असतील आणि तीन दिवसांनी धूत असाल तर २४ अधिक ८, म्हणजे ३२. पाहुण्यांसाठी आणि सांडलवंडीसाठी चार वर. ऐकायला जास्त वाटतं, पण एका मोठ्या चादरीत एवढी सहज निघतात. कमी फडकी ठेवणं हा नव्या माणसाचा नेहमीचा सापळा: तिसऱ्या दिवशी साठा संपतो आणि हात रोलकडे वळतो.

खूण: ओट्याच्या फडक्यांच्या कोपऱ्यात एका रंगाचा टाका, लादी आणि सिंकखालच्यांना दुसरा, बाथरूमच्यांना तिसरा. रंगीत कापडावर भरवसा ठेवू नका, ते विटतं. धाग्याची खूण राहते, आणि जेवणाच्या ताटाजवळ कुठलं फडकं फिरतंय ही शंका मिटते.

धुतलेली फडकी ठेवायची कुठे? जिथे रोल होता, बरोबर तिथेच. घडी घालू नका, डब्यात नुसती कोंबा. घडीचं काम वाढलं की दोन आठवड्यांत तुम्हीच कंटाळाल.

## ५. धुणं: इथे चार सापळे आहेत

सॉफ्टनर. कपडे मऊ करणारं द्रावण तंतूंवर चिकट थर चढवतं आणि फडकं पाणी टिपायचं थांबतं. ‘कापडाने नीट पुसलंच जात नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या घरी बरेचदा हेच निघतं. तसं झालं असेल तर दोन-तीन वेळा सॉफ्टनरशिवाय गरम पाण्यात धुवा. नव्या कोऱ्या सुती कापडाचीही हीच तऱ्हा. त्यावर खळ आणि कापसाचं नैसर्गिक मेण असतं, दोन-चार धुण्यांनंतरच ते टिपायला लागतं.

तेलकट फडकी. तव्यातलं किंवा कढईतलं तेल फडक्याने पुसू नका. आधी पळीने किंवा रबरी खरवडणीने निपटून काढा, उरलेलं जुन्या वर्तमानपत्राने किंवा आधीच वापरलेल्या नॅपकिनने टिपा. (वर्तमानपत्र भांडं पुसायला ठीक, त्यावर अन्न मात्र ठेवू नये, शाई अन्नात उतरते.) तेल मुरलेली कापडं गरम ड्रायरमधून काढून तशीच ढीग करून ठेवली तर आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतात. लाकडी सामानाला लावायच्या जवसाच्या तेलाबाबत तर हा धोका फार मोठा. ती चिंधी गोळा करून कुठेही टाकू नका. उघड्यावर सपाट पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

ब्लीच आणि व्हिनेगर. वास घालवायला बरेच जण शेवटच्या पाण्यात व्हिनेगर टाकतात. काहीजण ब्लीच टाकतात. दोन्ही एकत्र कधीही नाही: क्लोरीन वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको.

पाण्याचं तापमान. रोजच्या फडक्यांना साधं धुणं पुरतं, तेही स्वतंत्र नको, इतर कपड्यांच्या भरलेल्या मशिनमध्ये. अर्ध्या मशिनने फडकी धुतली तर वाचवलेला कागद विजेत आणि पाण्यात जातो. कच्चं मांस, अंडी किंवा आजारपणाशी संबंध आलेली फडकी मात्र वेगळी, ६० अंश सेल्सियसला धुवावीत किंवा पातेल्यात उकळावीत.

वाळवणं उन्हात किंवा वाऱ्यावर, दोरीवर. जंतूंना ओल लागते. पूर्ण वाळलेलं फडकं निम्मी काळजी मिटवतं. ड्रायर हा या हिशेबातला सगळ्यात खादाड भाग आहे.

## ६. स्वयंपाकघरातली बाकीची कामं

तळणीचं तेल टिपायला: कागदाऐवजी जाळी आणि खाली ताटली. पदार्थ कागदावर ठेवला की खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. जाळीवर तो चहूबाजूंनी कोरडा राहतो. या एका ठिकाणी पर्याय कागदापेक्षा सरळसरळ सरस आहे.

स्पंज-कापड: सेल्युलोज आणि कापूस मिळून बनलेलं, वाळल्यावर पुठ्ठ्यासारखं कडक आणि भिजवलं की मऊ होणारं हे कापड १९४९ मध्ये कर्ट लिंडक्विस्ट या स्वीडिश अभियंत्याने काढलं. ओट्यासाठी एकच वस्तू विकत घ्यायची तर मी ही घेईन. पटकन वाळतं म्हणून वास धरत नाही, आणि शेवटी कंपोस्टमध्ये जातं. घेताना त्यात प्लॅस्टिकचा धागा नाही ना, एवढं पाहा.

झाकायला: ताटली. खरंच, भांड्यावर ताटली ठेवली की काम होतं. मधमाश्यांच्या मेणाचं कापड सुंदर दिसतं, पण त्याच्या मर्यादा आहेत. मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून गरम भांड्यावर नको, गरम पाण्याने धुणं नको, आणि गरम पाण्याने धुता येत नाही म्हणून कच्च्या मांसालाही नको. माझं पहिलं कापड मी भांड्यांबरोबर गरम पाण्यात टाकलं होतं. मेण बाकीच्या सगळ्या भांड्यांना लागलं, कापड नुसतं कापड उरलं.

बेकिंगचा कागद: यावर बहुतेक वेळा सिलिकॉनचा थर असतो, त्यामुळे तो रद्दीत जात नाही. एकच तुकडा काळा पडेपर्यंत तीन-चार वेळा वापरता येतो. किंवा ट्रेला तेल आणि पिठाचा हात फिरवा.

कॉफीचा फिल्टर: १९०८ मध्ये जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ यांनी टिपकागद आणि भोकं पाडलेलं पितळी भांडं वापरून कागदी फिल्टरची युक्ती शोधली. आता धातूची जाळी वर्षानुवर्षं टिकते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कागद कॉफीतली काही तेलं अडवतो, जाळी अडवत नाही, आणि त्या तेलांतलं कॅफेस्टॉल रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. कोलेस्टेरॉलची तक्रार असेल तर कागदी फिल्टरच वापरा आणि तो चोथ्यासकट कंपोस्टमध्ये टाका. इथे मी बिनधास्त कागदाच्या बाजूचा आहे.

पेले आणि ताटल्या: कागदी पेल्याला आतून बहुधा पॉलिथिनचा थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. तेल न शोषणाऱ्या ताटल्यांना आवरण असतं, आणि अशा आवरणांत पीएफएएस ही निसर्गात जवळजवळ न मोडणारी रसायनं वापरली गेली आहेत. तेलाचा थेंब टाकून पाहा. तो मण्यासारखा उभा राहिला तर ती वस्तू नुसता कागद नाही, एवढं कळतं. मोठ्या कार्यक्रमाला भांडी मागून आणणं किंवा भाड्याने घेणं हाच खरा पर्याय. ‘इको’ ताटल्यांच्या गठ्ठ्याने फक्त मनाचं समाधान होतं.

## ७. नाक, तोंड आणि शौचालय

जेवणाचे कापडी नॅपकिन सगळ्यात सोपे. प्रत्येकाचा एक, ओळखता येईल असा, आणि डाग पडेपर्यंत दोन-तीन दिवस तोच. दर जेवणाला नवा नॅपकिन धुवायला टाकलात तर हिशेब कागदाच्या बाजूने झुकू लागतो.

हातरुमालाबद्दल लोक नाकं मुरडतात. गंमत म्हणजे खोक्यातला टिश्यू, म्हणजे क्लीनेक्स, १९२४ मध्ये बाजारात आला तो चेहऱ्यावरचं क्रीम पुसायचा कागद म्हणून. नाक पुसायला तो लोकांनी वापरायला सुरुवात केली. साध्या शिंका आणि घामाला रुमाल उत्तम. सर्दी-तापाचा जोर असेल तेव्हा मात्र कागद घ्या, एकदा वापरून टाका आणि हात धुवा.

शौचालयात कागदाला खरा पर्याय पाणी. तुम्ही आधीपासून पाणी वापरत असाल तर ही पायरी सोडून पुढे जा. नव्याने जेट स्प्रे किंवा बिडे (धुण्यासाठी पाण्याची धार देणारं साधन) बसवत असाल तर दोन गोष्टी विसरू नका. नळीच्या आधी बंद करायचा कॉक हवाच, आणि वापर झाल्यावर तो बंद करायचा. नुसत्या हातातल्या बटणावर भरवसा ठेवला तर नळीवर चोवीस तास दाब राहतो, आणि घरी कुणी नसताना ती फुटली की अख्ख्या घरात तळं होतं. दुसरं, स्प्रेचं तोंड भांड्यात लोंबणार नाही अशा उंचीवर हुक ठोका. अंग टिपायला बाथरूमच्या खुणेची फडकी, स्वतंत्र छोटी बालदी आणि ६० अंशांचं धुणं. हे ज्यांना नको वाटेल त्यांच्यासाठी टिपण्यापुरता कागद ठेवा. पाण्यानंतर तो फार थोडा लागतो. पाहुण्यांसाठी रोल ठेवाच, तिथे कुणाची परीक्षा घेऊ नये.

ओले वाइप्स मात्र आधी बंद करा. पुष्कळ वाइप्स मुळात कागद नसतातच, पॉलिएस्टरसारख्या प्लॅस्टिकच्या तंतूंचं न विणलेलं कापड असतं. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातल्या गटारात चरबी, वाइप्स आणि इतर घाणीचा २५० मीटर लांब, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले. पाकिटावर ‘फ्लश करता येईल’ असं लिहिलं असेल तर घरी तपासा. तीन बरण्यांत पाणी घ्या, एकीत टॉयलेट पेपर, दुसरीत किचन रोल, तिसरीत वाइप टाका आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. पहिल्या बरणीत लगदा होईल. उरलेल्या दोन बरण्या घरातल्या मंडळींना दाखवा, समजावण्याची गरज पडत नाही.

## ८. कागद घ्यायचाच तर लेबल कसं वाचायचं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि मीही बराच काळ हिरव्या पानाचं चित्र बघूनच गठ्ठा उचलत असे.

तीन बाणांचा त्रिकोण. १९७० मध्ये गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलेलं हे चिन्ह. नुसता त्रिकोण असेल तर अर्थ ‘ही वस्तू पुन्हा वापरात आणता येण्यासारखी आहे’ एवढाच, आणि बऱ्याचदा तो वेष्टनाबद्दल असतो. आत टक्केवारी लिहिली असेल तरच तेवढा भाग पुनर्वापराच्या मालाचा आहे असा अर्थ होतो.

कुठली रद्दी? पुनर्वापराचा माल दोन प्रकारचा असतो. एक, कारखान्यातली कात्रणं, जी बाहेर गेलीच नव्हती. दुसरा, लोकांनी वापरून टाकलेला कागद. दुसऱ्याचं प्रमाण जास्त असेल तो गठ्ठा घ्या. ‘१०० टक्के पुनर्वापरित’ असं लिहून कुठली रद्दी ते सांगितलेलं नसेल तर शंका घ्यायला हरकत नाही.

एफएससी. जंगलं नीट सांभाळली जातात का ते तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या, १९९३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची तीन लेबलं आहेत. ‘रिसायकल्ड’ म्हणजे पुनर्वापराचा तंतू. ‘१०० टक्के’ म्हणजे सगळा तंतू प्रमाणित जंगलातला, अर्थात नवा. ‘मिक्स’ म्हणजे मिश्रण, आणि यात सगळ्यात जास्त संदिग्धता. टिश्यूसाठी ‘रिसायकल्ड’ शोधा. जर्मनीचं ब्लू एंजल हे १९७८ पासूनचं पर्यावरणाचं लेबलही भरवशाचं आहे.

रंग. तपकिरी कागद म्हणजे पुनर्वापराचा, हा गैरसमज. तपकिरी म्हणजे फक्त न विरंजित केलेला, म्हणजे रसायनाने पांढरा न केलेला. तो पूर्णपणे नव्या लाकडाचा असू शकतो. उलट छापील रद्दीपासून बनलेला कागद करडट-पांढरा असतो.

क्लोरीन. नुसत्या क्लोरीनने लगदा पांढरा करताना डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात. ‘ईसीएफ’ म्हणजे त्याऐवजी क्लोरीन डायऑक्साइड वापरलेला, ‘टीसीएफ’ म्हणजे ऑक्सिजन, ओझोन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलेला, क्लोरीन अजिबात नाही. ‘पीसीएफ’ हे टीसीएफचंच पुनर्वापरित कागदाचं रूप.

बांबू. बांबू गवत आहे, कापला तरी मुळापासून पुन्हा फुटतो, हे सगळं खरं. पण घरात तो येतो लगदा होऊन, विरंजित होऊन, बरेचदा समुद्रापलीकडून, आणि येतो तो नवा तंतू म्हणूनच. नव्या लाकडाच्या कागदापेक्षा बरा असू शकतो. चांगल्या पुनर्वापरित कागदाच्या पुढे मी त्याला ठेवत नाही. तो कुठल्या जंगलातला, याचं प्रमाणपत्र नसेल तर आणखी मागे.

‘बायोडिग्रेडेबल’. किती दिवसांत, कुठल्या परिस्थितीत, हे लिहिलेलं नसेल तर हा शब्द निरर्थक आहे. ‘ईएन १३४३२’ (कंपोस्ट होणाऱ्या वेष्टनाचं युरोपीय मानक) असं लिहिलेलं असेल तर ती वस्तू औद्योगिक कंपोस्टमध्ये ६ महिन्यांत किमान ९० टक्के मोडते. घरच्या कुंडीतल्या कंपोस्टमध्ये तेवढी उष्णता नसते, त्यामुळे तिथे ती तशीच्या तशी सापडू शकते.

सुगंधी, रंगीत छपाईचा, लोशन लावलेला टिश्यू नको. वास आणि रंग टाकून देण्यासाठी विकत घेण्यात काय मतलब?

## ९. राहिलेला कागद कुठे ठेवायचा, कुठे टाकायचा

रोल कपाटात, वरच्या फळीवर, दाराआड ठेवा. लागला तर मिळतो, पण उठून, दार उघडून घ्यावा लागतो. माझ्या घरी कुठल्याही लेबलापेक्षा या दाराने जास्त कागद वाचवला.

साधं पाणी किंवा अन्न पुसलेला, छपाई नसलेला कागद फाडून कंपोस्टमध्ये टाका. ओल्या हिरव्या कचऱ्यात कार्बनवाला कोरडा माल हवाच असतो, कागद तो पुरवतो. सफाईचं रसायन लागलेला, तेलात पार भिजलेला, आजाऱ्याचा किंवा प्राण्याच्या विष्ठेचा कागद त्यात नको. दुकानाच्या चकचकीत पावत्याही नकोत, ना कंपोस्टमध्ये ना रद्दीत. तो उष्णतेने छापला जाणारा कागद असतो आणि त्यावर बिस्फेनॉल प्रकारची रसायनं असू शकतात.

फडक्यांचीही उतरण लावून द्या: ओट्याचं विटलं की लादीला, लादीचं फाटलं की सायकलच्या साखळीला किंवा बुटांच्या पॉलिशला. पॉलिश न लागलेल्या, निव्वळ सुती चिंध्या बारीक कापून कंपोस्टमध्ये घातल्या तर काही महिन्यांत जिरतात. त्याआधी कडेची शिवण कापून काढा. शिवणाचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो, आणि पुढच्या वर्षी खत चाळताना कापड गायब झालेलं असतं पण त्याची चौकोनी चौकट मात्र शाबूत हाती लागते.